दोन शॉटच्या मधलं वाळवंट

साल १९६४. गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये तुम्ही पुढच्या स्वस्त रांगेत बसला आहात. दिवे गेलेत, पण अर्धं पब्लिक अजून बाहेर चहा-सिगरेटीत रमलेलं आहे, कारण सिनेमा लगेच सुरू होत नाही हे सगळ्यांना पाठ आहे. आधी फिल्म्स डिव्हिजनचं रीळ. ते दाखवल्याशिवाय थिएटरवाल्याला खेळ लावता येत नाही, परवान्यातच तशी अट आहे. पेडर रोडच्या कचेरीतून ही रिळं देशभर जातात, मराठीसकट निरनिराळ्या भाषांतल्या निवेदनासह, आणि लोक तेवढ्या वेळात आपली खुर्ची शोधतात, पोरांना गप्प करतात, शेंगदाण्याची पुडी सोडतात.

आजचं रीळ धरणाचं आहे. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. अशी कितीतरी निघाली आणि बहुतेकांचा साचा एकच. आधी भेगाळलेली जमीन. मग गुरांचे सांगाडे. डोईवर दोन घागरी घेऊन वाळूतून चाललेली बाई, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघणारी. मग सारंगी थांबते, बँड वाजायला लागतो, पांढऱ्या टोप्या, फीत, टाळ्या, आणि भाक्राचे दरवाजे उघडतात. पाणी अशा जोराने कोसळतं की तुमच्या शेजारचं पोर पाय वर घेतं. आणि पुढच्याच शॉटमध्ये गहू. कंबरेइतका, वाऱ्यावर डुलणारा. खर्जातला आवाज सांगतो की वाळवंट फुललं.

गहू खोटा नाही, हे आधीच सांगून टाकतो. आज गंगानगर-हनुमानगढ हा राजस्थानचा धान्यपट्टा आहे आणि तिथला किन्नू मुंबईच्या हातगाडीवरही दिसतो. तुम्हाला बघायचंय ते वेगळं. धरणाच्या शॉटची शेवटची चौकट आणि गव्हाच्या शॉटची पहिली चौकट यांच्यामध्ये एक जोड आहे, संकलकाने कात्रीने कापून चिकटवलेली. पडद्यावरून ती सेकंदाच्या चोविसाव्या हिश्शात निघून जाते. तेवढ्यात उडी मारा.

अंदाज चुकतो आणि तुम्ही फार मागे पडता. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९ संपून १९०० लागतंय. बिकानेर संस्थानातली एक ढाणी, पाच-सहा गोल झोपड्यांची. राजस्थानात आजही ज्याला ‘छप्पनिया अकाल’ म्हणतात, तो हा. पहिल्यांदा लक्षात येतात ती झाडं. खेजडीची, म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो त्या शमीची. माणसाचा हात पोचतो तिथवर प्रत्येक खोड सोललेलं आहे. झोपडीत एक म्हातारी ती साल जात्यात दळते आहे. तिच्यापुढच्या परातीतलं पीठ तांबूस आहे आणि त्यात मूठभरसुद्धा बाजरी नाही. तुम्ही चिमूट जिभेवर ठेवता. तुरट लाकूड. ती तुमच्याकडे बघते आणि उरलेलं पीठ हातानेच जवळ ओढून घेते.

गावातली धडधाकट माणसं गुरं हाकत माळव्याच्या वाटेला लागली आहेत. वाटेत गुरं पडतात, मग माणसं. या संस्थानाच्या गादीवर एक एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, गंगासिंह. राज्याचा कारभार त्याच्या हाती येऊन जेमतेम वर्ष झालंय. सतलजचं पाणी आपल्या वाळूत आणायचं, हे वेड या दुष्काळानंतर त्याने आयुष्यभर सोडलं नाही. पंजाब आणि बहावलपूर दोघांनाही ते नको होतं. १९२० मध्ये तिघांचा करार झाला आणि २६ ऑक्टोबर १९२७ ला शिवपूर हेडवर व्हाइसरॉय आयर्विनने गंग कालव्याचं पाणी सोडलं. मदनमोहन मालवीयही हजर होते. तिथे फार वेळ थांबू नका, समारंभ सगळे सारखेच. जाता जाता तेवढं कालव्याचं अस्तर मात्र बघून घ्या. तळ आणि बाजू चुन्याच्या काँक्रीटने लिंपलेल्या आहेत, कारण उघड्या मातीतून नेलं तर वाळू वाटेतच पाणी पिऊन टाकते. पुढच्या साठ वर्षांत इथले इंजिनिअर जे जे करणार आहेत, त्याच्या मुळाशी ही एवढीच भीती आहे.

आता १९४८. फाळणी होऊन गेली आहे, नद्या कुणाच्या यावर भांडण सुरू आहे, आणि कंवर सेन नावाचे बिकानेरचे मुख्य अभियंता एक अहवाल लिहून बसले आहेत. त्यांचं म्हणणं असं की बियास आणि सतलज जिथे मिळतात तिथून, हरिकेहून, पाणी उचलून बिकानेरच्या पार, थेट जैसलमेरपर्यंत नेता येईल. तुम्ही नकाशावर वाकून बघता. वाटेत एक शहर नाही, धड रस्ता नाही, आणि जिथे रेघ संपते तिथे वर्षाकाठी सहा-सात इंच पाऊस पडला तर लोक साल चांगलं गेलं म्हणतात.

पडद्यावर दिसलेलं भाक्रा तुम्हाला वाटेत लागतंच. १९५५ च्या नोव्हेंबरात नेहरूंच्या हातून पहिलं काँक्रीट पडलं, तेव्हापासून दिवसरात्र काम चालू आहे. काँक्रीटच्या बादल्या येतात, खाली रिकाम्या होतात, परत वर जातात. या सगळ्यावर देखरेख करणारा हार्वे स्लोकम हा अमेरिकन गृहस्थ कुठल्याही कॉलेजचा इंजिनिअर नाही. पोलादाच्या गिरणीत मजुरी करत करत तो अमेरिकेतल्या ग्रँड कूली धरणापर्यंत आणि तिथून इथवर आला. धरण २२६ मीटर उंच झालेलं बघायला तो राहिला नाही, १९६१ मध्ये गेला. त्याच साली धरणाच्या मागे पाणी चढत चढत जुन्या बिलासपूरच्या बाजारात शिरलं. उन्हाळ्यात हा जलाशय, गोविंदसागर, आटला की तिथल्या देवळांची शिखरं अजून वर येतात. रिळात बिलासपूर नाही. दहा मिनिटांत काय काय बसवणार, हेही खरं.

पण रिळाने एक गोष्ट सोयीने झाकली. जैसलमेरकडे जाणाऱ्या कालव्याला नुसतं भाक्रा पुरणार नव्हतं. १९६० च्या सिंधू करारात रावी, बियास, सतलज या तीन नद्या भारताच्या वाट्याला आल्या आणि त्यातल्या बियासवर कांगड्यात पोंग धरण उभं राहिलं, १९७४ साली पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली हल्दूणचं खोरं गेलं. तिथे चला, पाणी चढण्याआधी.

भाताची खाचरं, आंब्याच्या राया, प्रत्येक आळीत पाण्याचा ओहोळ. ओसरीवर एक माणूस सरकारी कागद हातात धरून बसला आहे. त्याला जमीन देऊ केली आहे, ती राजस्थानात. ज्या कालव्यासाठी त्याचं शेत बुडणार, त्याच कालव्यावर त्याला शेत मिळणार. कागदावर हिशेब चोख आहे. तो माणूस तुम्हाला एकच गोष्ट विचारतो, ‘तिथे गवत कसलं असतं, बाबूजी? गाय काय खाईल?’ तुमच्याकडे उत्तर नाही.

त्याला तुम्ही काही वर्षांनी गंगानगर जिल्ह्यात पुन्हा शोधता. वाटपाचा कागद आहे, जमिनीवर दुसऱ्याचा कब्जा आहे. अट अशी की वाटप झालेल्याने स्वतः तिथे राहून जमीन कसायची. पन्नास अंशांच्या जवळ जाणारा उन्हाळा, शेजारी कुणी ओळखीचं नाही, दमदाटी करणारे भरपूर. कांगड्याची माणसं परत फिरली की अट मोडली म्हणून वाटप रद्द. हजारो कुटुंबांचं असं झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, समित्या बसल्या, आणि त्यांची नातवंडं अजून अर्ज करताहेत. माझ्या मते हा माहितीपट कुणी परत बनवलाच, तर सुरुवात या ओसरीवरून करावी. दरवाजे उघडण्याचा शॉट नंतर आला तरी चालेल.

वाळवंटात मात्र काम सुरू झालं आहे. ३१ मार्च १९५८ ला गोविंद वल्लभ पंतांनी कालव्याची पायाभरणी केली, ११ ऑक्टोबर १९६१ ला उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी नौरंगदेसर वितरिकेत पहिलं पाणी सोडलं. तुम्ही मॅजेस्टिकमध्ये बसला होता तेव्हा एवढंच झालं होतं. हरिकेहून निघणारा फीडर २०४ किलोमीटरचा, त्यातले पहिले १७० पंजाब-हरियाणातून, आणि तिथल्या एकाही शेताला त्यातून थेंब द्यायचा नाही. मसीतावाली हेडला तो संपतो आणि मुख्य कालवा सुरू होतो, आणखी ४४५ किलोमीटर. तो वरून खाली येतो तसा काळही पुढे सरकतो. मसीतावालीला साठचं दशक आहे. खाली छत्तरगढ ओलांडता तेव्हा सत्तरी उलटून गेलेली असते.

इथे मुक्काम करा. हे बघायलाच तर आपण आलो.

पहाटेचे पाच. वाळूच्या टेकडीच्या पोटात एक खंदक आहे, एकवीस फूट पाणी मावेल इतका खोल, आणि त्याच्या उतारावर गाढवांची रांग. शेकड्यांनी गाढवं. आपल्याकडे माती वडार जे काम करत आले, तेच इथे ओड करतात. कुटुंबच्या कुटुंब कामावर असतं. बाई फावड्याने गोणी भरते, गाढव कुणी न हाकता चढ चढतं, वर उभा असलेला पोरगा गोणीची गाठ ओढतो, वाळू सांडते, गाढव आपलं आपण वळून खाली येतं. तुम्ही एका गाढवाच्या मागे पाच खेपा घालता. सहाव्या खेपेला तुमची पोटरी भरून येते, ते मात्र कान हलवत चालतंच.

जरा पुढे अस्तराचं काम. भाजलेल्या मातीच्या चपट्या टाइल, विटेपेक्षा पातळ, सिमेंटमध्ये एकावर एक दोन थर. गवंडी उतारावर आडवा पडून काम करतो, कारण उभं राहिलं की पाय घसरतो. टाइल हातात घेतो, बोटाच्या पेराने वाजवून बघतो. खणखणीत वाजली तर बसवतो, भद्द वाजली तर मागे फेकतो. मागे फेकलेल्यांचा ढीग बघून मुकादम शिव्या देतो, कारण ती टाइल भट्टीवरून इथपर्यंत उंटाने आणलेली असते. मसाला कालवायचं पाणीही उंटगाडीवरच येतं. ते डब्यात मोजून देतात आणि हात धुवायला मागितलं तर माणसं हसतात.

दुपारी आंधी येते. आधी क्षितिजावर पिवळट भिंत, मग तोंडात वाळू, मग काहीच दिसत नाही. गाढवं आंधीकडे पाठ करून उभी राहतात, तुम्हीही तसंच करता. तासाभराने डोळे उघडता तेव्हा सकाळपासून उपसलेली वाळू पुन्हा खंदकात आहे. एका म्हाताऱ्या ओडाला तुम्ही विचारता, हे असं किती वेळा होतं? तो चिलीम झटकत म्हणतो, ‘वाळूचा काय दोष? ती आपल्या जागी परत येते.’ आणि फावडं उचलतो.

या कालव्यावरचे पत्ते आकड्यांचे आहेत. दर हजार फुटांवर एक दगड, त्याला म्हणतात आरडी. चहाची टपरी, पोलीस चौकी, बसचा थांबा, सगळं अमुक आरडीवर. जिथे गाव नव्हतंच तिथे दगडाचा आकडा हेच गावाचं नाव झालं. शेवटचा १४५८ आरडी, जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढजवळ. १ जानेवारी १९८७ ला पाणी तिथे पोचलं. कालव्याला तोवर इंदिरा गांधींचं नाव लागलं होतं. पायाभरणीपासून एकोणतीस वर्षं. गिरगावातलं ते पाय वर घेणारं पोर आता पस्तिशीच्या आसपास असेल.

त्या दिवशी काठावर झालेली गर्दी बघा. इथल्या घरात खाटेवर बसून आंघोळ करायची रीत आहे. खाली परात. परातीत जमलेल्या पाण्यात कपडे, कपड्यांचं पाणी जनावराला किंवा सारवायला. पावसाचं पाणी अंगणातल्या टाक्यात उतरवून ठेवायचं आणि त्याच्या झाकणाला कुलूप. अशा घरातल्या बायका पाण्याच्या कडेला उभ्या आहेत. एक म्हातारी वाकून तळव्याने पाणी हलवून बघते, मग हात पुसायला पदर घेते आणि थांबते. पुसत नाही. बरोबरच्या सुनेला सांगते, ‘रोज येईल का, विचार कुणाला तरी.’

गर्दीच्या मागे दोनशे मेंढ्या घेऊन एक राइका मेंढपाळ उभा आहे, पुढे यायला तयार नाही. या पट्ट्यात सेवण नावाचं गवत होतं. दुष्काळातही मुळं धरून राहणारं, थोड्या पावसाने पुन्हा फुटणारं. थारपारकर आणि राठी गाई त्यावर पोसल्या. कालव्याने तो माळ चौकोनांत वाटला, पंचवीस बिघ्यांचा एक मुरब्बा. नांगर फिरला तिथे सेवण संपलं. राइक्याला मुरब्बा मिळू शकतो, पण तो भरेपर्यंतचे हप्ते, नांगर, बियाणं आणि एका जागी बसून राहण्याची सवय हे सगळं त्याने कुठून आणायचं? कितीतरी जमीन अशी एकाच्या नावावर आणि दुसऱ्याच्या ताब्यात गेली. हे सरकारी नजरेतून सुटलं असं मला वाटत नाही. हिशेबात त्यासाठी रकानाच नव्हता.

पाण्याचं पुढे काय झालं ते भरभर बघून घ्या, कारण ते वाईट दिसतं. वरच्या टप्प्यात, हनुमानगढजवळ बडोपल गावाकडे चला. वाळूखाली जिप्समचा कठीण थर आहे. वरून भरपूर पाणी दिलं, खाली ते जिरेना, आणि वर्षागणिक पाण्याची पातळी वर येत गेली. तिथे त्याला ‘सेम’ म्हणतात. तुम्ही ज्या वाळवंटात पाण्यावाचून साल दळून खाणारी माणसं बघितली, त्याच वाळवंटात आता घरांच्या भिंती ओलीने खचल्या आहेत, शेतावर पांढरं मीठ फुटलंय आणि वठलेल्या खेजड्या पाण्यात उभ्या आहेत. पुढे पश्चिमेला, १९९४ मध्ये, मलेरियाची साथ. वाळवंटात डास! जैसलमेर-बाडमेरकडच्या अंगांना त्या तापाची सवयच नव्हती, माणसं पटापट गेली. साथीला त्या वर्षीचा जोरदार पाऊस कारण होता, तसा कालव्याने आणून ठेवलेला ओलावाही.

आणि तरीही पाणी कमीच. वरच्याकडे सेम, खालच्याकडे कोरडा पाट, एकाच कालव्यावर. २००४ मध्ये घडसाण्याचे शेतकरी पाण्यासाठी रस्त्यावर आले तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात शेतकरी मेले. छप्पनियात माणसं पाऊस पडला नाही म्हणून मेली होती. या वेळी पाणी कालव्यात होतं.

आता तुम्ही अलीकडे आला आहात. कालव्याच्या शेपटाकडचा एक चक, म्हणजे एका पाटावरची शेतं, हिवाळ्याची रात्र, बारा वाजून गेलेत. वाराबंदी, म्हणजे आपली शेजपाळी, आठवड्याचे १६८ तास सगळ्या मुरब्ब्यांत मिनिटांवर वाटून देते. ज्याची पाळी रात्रीची, त्याने रात्रीच दारं धरायचं, थंडी असो वा लग्न. तेही वरच्या वितरिकेत पाणी चालू असलं तर, कारण शाखा आळीपाळीने चालतात, आणि वसंतात दुरुस्तीसाठी सगळाच कालवा बंद.

अंगावर घोंगडी, कानाला मोबाइल, हातात कस्सी, म्हणजे कुदळीसारखं फावडं, घेऊन एक तरुण पाटाच्या कडेने येतो. शेजाऱ्याचा नक्का, म्हणजे पाटाचं दार, गोणी आणि चिखल घालून बुजवतो, आपला फोडतो. पाणी वळतं. तुम्ही टॉर्च मारता. पाण्यावर फेस आहे आणि रंग चहासारखा. लुधियानाच्या कारखान्यांचं सांडपाणी बुड्ढा नाल्यातून सतलजमध्ये आणि हरिकेहून इकडे येतं, ही तक्रार या भागात प्यायच्या पाण्याइतकीच जुनी होत चालली आहे. तो म्हणतो, ‘मोहरीला चालतं. पोरांना देत नाही.’ त्याने सरकारी अनुदानावर एक डिग्गी खणली आहे, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. पाळीचं पाणी आधी तिच्यात, तिथून फवाऱ्याने पिकाला. आजोबांच्या वेळी पाट फोडून शेत भरून टाकायचे, आता तेवढं पाणीच नाही.

पाटातली पातळी हळूहळू उतरते. तो बॅटरी मारून बघतो, कडेला रोवलेल्या काडीला बोट लावतो, पुन्हा बघतो. वर कुणीतरी पाइप टाकलाय, तो खात्रीने सांगतो. दर वेळी टाकतात. तो फोन लावतो, पलीकडून कुणी उचलत नाही.

‘तुम्ही आलाच आहात तर हे धरा,’ तो कस्सी तुमच्या हातात देतो. ‘नक्क्यावर उभं राहा, फुटायला लागला तर माती टाका. मी वर जाऊन येतो. आमची बारी पावणेपाचपर्यंत. शेजारचा काका चारलाच येऊन उभा राहील, त्याच्या घड्याळावर जाऊ नका. ते मुद्दाम पुढे ठेवलेलं असतं.’